जमीन विकली, टॅक्स किती?

आपल्यापैकी ज्यांची घरे पुणे-नाशिक रस्त्याच्या आजूबाजूला आहेत, त्यांना सुट्टीत घरी गेल्यावर हा प्रश्न एकदा तरी ऐकावा लागतो. "तू इंजिनिअरिंगला आहेस ना? मग सांग बरं, एवढ्याला जमीन गेली तर सरकारला किती द्यायचे?" इंजिनिअरिंगचा आणि इन्कम टॅक्सचा संबंध काय, असे मामा-काकांना विचारायची सोय नसते! मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे 'कॅपिटल गेन' हा शब्द मला ठाऊक होता. पण सातबारा, फेरफार, हक्कसोड हे शब्द आजोळी, आळेफाट्याला कानावर पडले. आजोळच्या मंडळींचे बरोबर उलटे. त्यांना सातबारा पाठ, पण कॅपिटल गेन म्हणजे शहरातल्या लोकांचे काहीतरी लचांड. खरे तर हा हिशोब दोन्ही भाषा एकत्र आल्याशिवाय जमतच नाही. म्हणून हा लेख.

आधी सोपा भाग. एखादी मालमत्ता घेतली आणि जास्त किमतीला विकली, तर मधला फरक म्हणजे भांडवली नफा. हा पगार नाही आणि धंद्यातला नफाही नाही, म्हणून त्याचे नियम वेगळे. आपल्याकडे हा कर १९४७ च्या अर्थसंकल्पात लियाकत अली खान यांनी प्रथम आणला, १९४९ मध्ये तो काढून टाकला गेला आणि निकोलस काल्डोर या अर्थशास्त्रज्ञाच्या अहवालानंतर १९५६ मध्ये परत आला. तेव्हापासून तो आहेच.

आपल्या वर्गातल्या बऱ्याच जणांनी डीमॅट खाते उघडले आहे, त्यांच्यासाठी शेअर्सचे आधी सांगते. शेअर बाजारात नोंदलेला शेअर किंवा इक्विटी फंडाचे युनिट १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवून विकले तर नफा दीर्घ मुदतीचा. २३ जुलै २०२४ पासून त्यावर १२.५ टक्के कर आहे, पण वर्षाला पहिल्या १.२५ लाख रुपयांच्या नफ्यावर काही नाही. १२ महिन्यांच्या आत विकले तर २० टक्के. एसआयपी करणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. प्रत्येक हप्त्याचे घड्याळ वेगळे चालते. जानेवारीत सुरू केलेली एसआयपी पुढच्या फेब्रुवारीत सगळी मोडली, तर फक्त सुरुवातीचा हप्ता दीर्घ मुदतीत बसेल, बाकीचे अल्प मुदतीत. तोटा झाला असेल तर वेळेत रिटर्न भरून तो आठ वर्षे पुढे नेता येतो; मात्र दीर्घ मुदतीचा तोटा दीर्घ मुदतीच्या नफ्यातूनच वजा होतो. घरातले मोठे अजूनही "शेअरवर लाँग टर्मला टॅक्स नसतो" म्हणतात. ते १ ऑक्टोबर २००४ ते ३१ मार्च २०१८ या काळात खरे होते. आता नाही.

शेअर्सचे एवढे पुरे. कारण आळेफाट्यात खरा पैसा शेअरमध्ये नाही, जमिनीत आहे. पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन रस्ते इथे एकमेकांना छेदतात. जुन्नर बाजार समितीचा कांद्याचा उपबाजार इथेच. शेजारचे आळे हे ज्ञानेश्वरांच्या रेड्याच्या समाधीचे गाव, आणि फाट्याभोवती एका बाजूला कांदा-टोमॅटोची शेते तर दुसऱ्या बाजूला 'एनए प्लॉट'चे फलक. एकाच बांधाला लागून असलेल्या दोन तुकड्यांचे भाव वेगळे, आणि कायद्याच्या डोळ्यांत त्या दोन पूर्ण वेगळ्या वस्तू!

त्या कशा, ते पाहू. आयकर कायद्यात 'भांडवली मालमत्ता' या शब्दाची व्याख्या आहे आणि ग्रामीण शेतजमीन त्या व्याख्येतून वगळली आहे. मालमत्ताच नाही म्हटल्यावर भांडवली नफा कुठून येणार? म्हणून ग्रामीण शेतजमीन ८० लाखांना जावो की ८ कोटींना, भांडवली नफ्यावरचा कर शून्य. लोक याला 'सूट' म्हणतात, पण ती सूट नाही. त्या व्यवहाराला हे प्रकरण लागूच होत नाही.

मग ग्रामीण म्हणजे काय? आपल्याला वाटते ते नव्हे. ज्या नगरपालिकेची, नगरपंचायतीची किंवा महापालिकेची लोकसंख्या १०,००० किंवा जास्त आहे तिच्या हद्दीतली जमीन ग्रामीण नाही. हद्दीबाहेर असली तरी अंतर मोजतात. शहराची लोकसंख्या १०,००० च्या वर ते १ लाखापर्यंत असेल तर हद्दीपासून २ किलोमीटर, १ लाख ते १० लाख असेल तर ६, आणि १० लाखांच्या वर असेल तर ८ किलोमीटरच्या आतली जमीनही शहरी धरली जाते. हे अंतर कसे मोजायचे यावर पूर्वी बरेच वाद झाले. रस्त्याने मोजायचे, की कावळा उडतो तसे सरळ? २०१३ च्या वित्त कायद्याने वाद मिटवला: सरळ, हवाई अंतर. सिव्हिलवाल्यांना सर्व्हेइंगच्या तासाला हे उदाहरण द्यायला हवे होते, तास जरा रंगला असता.

आळेफाटा ग्रामपंचायतीच्या कारभारात आहे आणि जवळची नगरपालिका जुन्नरची, ती २ किलोमीटरपेक्षा कितीतरी लांब. म्हणजे फाट्याभोवतीची कसलेली शेतजमीन ग्रामीण ठरते. पण याच रस्त्यावर चाकण, राजगुरुनगर, मंचर इथे नगरपालिका किंवा नगरपंचायत आली आणि तिथल्या शेतकऱ्यांचा हिशोब बदलला. पीक तेच, माती तीच, मालक तोच. उद्या आळेफाट्याला नगरपंचायत झाली, तर रस्ते-गटारे येतीलच, पण लोकसंख्येची अट पुरी होताच हद्दीतली आणि भोवतालच्या २ किलोमीटरची शेतजमीन करपात्र यादीत जाईल. ग्रामसभेत या बाजूने कोणी बोलत असेल असे मला वाटत नाही.

शहरी शेतजमिनीवर कर का, याचीही एक गोष्ट आहे आणि ती मुंबईची आहे. १९७० मध्ये संसदेने शहरी हद्दीतली शेतजमीन करात ओढली. १९८१ मध्ये मनुभाई शेठ प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले की शेतजमीन विकून झालेला नफा हे जमिनीपासूनचेच उत्पन्न, म्हणजे शेतीचे उत्पन्न. त्यावर केंद्राला कर लावता येत नाही. शेतकऱ्यांच्या बाजूचा केवढा मोठा निकाल! पण १९८९ मध्ये संसदेने कायद्यात स्पष्टीकरण घातले, तेही १९७० पासूनच्या पूर्वलक्षी प्रभावाने, आणि निकालाचा परिणाम पुसून टाकला.

आता मुख्य मुद्दा, बिनशेतीचा. महाराष्ट्रात कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे जो शेतकरी नाही त्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. मुंबईच्या डॉक्टरला फाट्याजवळ बंगला बांधायचा असतो, पण त्याच्या नावावर कुठेही सातबारा नसतो. मग एजंट मालकाला सांगतो, "आधी एनए करून घ्या, भाव चांगला येईल." भाव येतो हे खरे आहे. पण जमीन बिनशेती झाली की ती शेतजमीन उरत नाही, आणि शेतजमीन नाही म्हटल्यावर वरची सगळी मोकळीक संपते. म्हणजे अडचण घेणाऱ्याची, आणि टॅक्स बसतो विकणाऱ्याला!

आकड्यांत पाहू. आकडे हिशोबापुरते धरले आहेत, हा बाजारभाव नव्हे. समजा एक एकर, म्हणजे ४० गुंठे, शेतजमीन म्हणून ८० लाखांना जाते. कर शून्य, हातात ८० लाख. तीच जमीन बिनशेती करून ९० लाखांना विकली. जमीन आजोबांची आहे. वारशाने आलेल्या जमिनीची खरेदी किंमत शून्य धरत नाहीत. पूर्वीच्या मालकाची किंमत धरतात, आणि जमीन १ एप्रिल २००१ च्या आधीपासून घरात असेल तर त्या दिवशीची बाजारकिंमत घेता येते. फक्त ती त्या वेळच्या मुद्रांक मूल्यांकनापेक्षा जास्त असून चालत नाही. समजा ती १२ लाख निघाली.

इथे दोन वाटा आहेत. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेली जमीन किंवा इमारत असेल आणि मालक भारतातच राहणारा असेल, तर दोन्ही पद्धतींनी हिशोब करून कमी कर भरता येतो. जुनी पद्धत: खरेदी किंमत महागाई निर्देशांकाने वाढवायची आणि नफ्यावर २० टक्के. २००१-०२ चा निर्देशांक १००, २०२५-२६ चा ३७६. म्हणजे १२ लाखांचे झाले ४५.१२ लाख, नफा ४४.८८ लाख, कर ८,९७,६००. नवी पद्धत: किंमत न वाढवता सरळ १२.५ टक्के. नफा ७८ लाख, कर ९,७५,०००. जुनी पद्धत स्वस्त. हातात उरले ८१,०२,४००. सेस आणि अधिभार मी धरलेलाच नाही. मोजणी, रूपांतरण कर, आर्किटेक्टचा नकाशा आणि हेलपाटे यांचा खर्च त्यातून वजा करा. १० लाख जास्त भाव मिळाल्याचा आनंद कुठे राहिला?

कोणती पद्धत केव्हा स्वस्त, हे दर वेळी सीएला विचारायची गरज नाही. आपण गणित करू शकतो. विक्री किंमत 'व', खरेदी किंमत 'ख', निर्देशांकाचे गुणोत्तर 'म'. दोन्ही कर सारखे ठेवले की

व ÷ ख = (०.२ × म − ०.१२५) ÷ ०.०७५

म = ३.७६ असेल तर उत्तर ८.३६. म्हणजे २००१ च्या किमतीच्या ८.३६ पटीपेक्षा जास्त भाव मिळाला तर नवी पद्धत फायद्याची, नाहीतर जुनी. वरच्या उदाहरणात पट ७.५ होती, म्हणून जुनी जिंकली. २०१२-१३ मध्ये, म्हणजे निर्देशांक २०० असताना घेतलेल्या फ्लॅटला म = १.८८, आणि पट येते ३.३५ च्या आसपास. २०१२ चा फ्लॅट आज साडेतीन पट झाला असेल तर सरळ १२.५ टक्के भरा. दुप्पटच झाला असेल तर निर्देशांक सोडू नका. मात्र २३ जुलै २०२४ नंतर घेतलेल्या मालमत्तेला ही निवड नाही, तिला फक्त १२.५ टक्के. आणि जमीन किंवा घर २४ महिन्यांच्या आत विकले तर नफा नेहमीच्या उत्पन्नात मिळवून स्लॅबप्रमाणे कर.

काही जण विचारतील, मग बिनशेती न करता शेतजमीन म्हणूनच विकली आणि घेणाऱ्याने नंतर तिथे हॉटेल बांधले तर? घेणाऱ्याच्या मनात काय आहे यापेक्षा विकताना जमीन काय होती, याला महत्त्व आहे. गोव्यातल्या एका प्रकरणात २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जमीन शेतीचीच मानली. महसुली दफ्तरात ती शेतजमीन होती आणि विक्रीपर्यंत मालकाने बिनशेतीची परवानगी मागितलेली नव्हती. पण नुसता सातबारा दाखवून नेहमीच सुटका होते असेही नाही. सुरतेच्या सरीफाबीबी प्रकरणात १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उलटा निकाल दिला. दफ्तरात जमीन शेतीची होती, पण कित्येक वर्षे कसलेली नव्हती, बिगरशेती वापरासाठी विकण्याची परवानगी घेतलेली होती आणि गृहनिर्माण संस्थेला चौरस यार्डाच्या भावाने विकली होती.

चौरस यार्डाचा भाव! हे वाचल्यावर मला फाट्यावरची बोलणी आठवली. शेत म्हणून विकताना लोक एकराचा भाव सांगतात, प्लॉट म्हणून विकताना गुंठ्याचा. भाव कोणत्या मापात सांगितला, याचाही न्यायालय विचार करते, हे तिथे कोणाच्या गावीही नसेल.

म्हणून पुरावा जपला पाहिजे. सातबाऱ्यावरची पीक पाहणीची नोंद चालू ठेवावी. आता ती ई-पीक पाहणीने मोबाइलवर होते. आणि आडत्याकडची कांद्याची पट्टी फेकू नये. आपल्याकडे पट्टी खिशात चुरगळते, धुण्यात जाते, संपते. पण तारीख, वजन, भाव आणि नाव असलेला तो कागद म्हणजे 'मी ही जमीन कसत होतो' याचा चांगला पुरावा आहे. विहीर, पाइपलाइन किंवा सपाटीकरण यांच्या पावत्याही ठेवाव्यात. जमीन पुढे करात आली तर सुधारणेचा खर्च नफ्यातून वजा होतो.

रोखीचे व्यवहार हा आणखी एक नाजूक विषय. खरेदीखतात कमी रक्कम लिहायची आणि बाकीचे 'वरचे' रोख घ्यायचे, हे सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी छापत नाही. जमीन करपात्र असेल आणि लिहिलेली किंमत रेडी रेकनरच्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त फरकाने कमी असेल, तर रेकनरचीच किंमत विक्री किंमत धरली जाते. शिवाय जून २०१५ पासून इसाराचे २०,००० किंवा जास्त रुपये रोख घेता येत नाहीत. घेतले तर तेवढाच दंड. दोन्ही पक्षांना फक्त शेतीचेच उत्पन्न असेल आणि करपात्र उत्पन्न काहीच नसेल, तर यातून सुटका आहे. पण घेणारा पुण्या-मुंबईचा नोकरदार असला की संपले.

आता भूसंपादन. पुणे-नाशिक महामार्ग, पूर्वीचा ५० आणि आताचा ६० क्रमांकाचा, खेड ते सिन्नर चौपदरी करताना कितीतरी शेते गेली. ग्रामीण शेतजमिनीच्या मोबदल्यावर भांडवली नफ्याचा कर नाही, कारण जमीनच त्या व्याख्येत नाही. शहरी हद्दीतली शेतजमीन सक्तीने घेतली गेली, तर आधीची दोन वर्षे ती कसलेली असल्यास वेगळी सूट आहे. लोक अडकतात ते व्याजात. वाढीव किंवा उशिरा मिळालेल्या मोबदल्यावरचे व्याज हे 'इतर उत्पन्न' धरून त्यातल्या निम्म्यावर कर मागितला जातो. चेक एकच येतो, त्यामुळे मोबदला किती आणि व्याज किती हे निवाड्याच्या कागदात पाहून वेगळे काढावे लागते.

अजून एक गोष्ट, आणि ती मी मुलगी म्हणून जरा जोरात सांगणार आहे. जमीन विकताना आत्यांना, बहिणींना बोलावले जाते ते बहुधा सही करायला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांसारखा हक्क दिला. आयकर कायदा भाऊ-बहीण असा फरक करत नाही, तो फक्त हिस्सा पाहतो. चार जणांच्या नावावर जमीन असेल तर नफा चार ठिकाणी विभागतो. प्रत्येकाची मूळ करमाफीची मर्यादा वेगळी, कर वाचवायचे मार्गही वेगळे. म्हणजे बहिणींचा हिस्सा खरोखर त्यांना दिला तर घरातला एकूण करसुद्धा कमी होऊ शकतो! उलट आत्याची खरेदीखतावर सही आहे आणि सगळे पैसे काकांच्या खात्यात गेले, तरी कायद्याने तिच्या हिश्श्याचा नफा तिचाच. नोटीस तिच्या नावाने येऊ शकते. हक्कसोडपत्र पैसे न घेता केले तर दोघांनाही कर नाही. करपात्र जमिनीचा हक्क पैसे घेऊन सोडला, तर ते हस्तांतर ठरते.

कर वाचवायचे सरळ मार्गही आहेत. कलमांचे क्रमांक १९६१ च्या कायद्यातले सांगते; १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ त्याची जागा घेतो आणि त्यात क्रमांक वेगळे आहेत, तेव्हा सीएकडे जाताना क्रमांकापेक्षा योजना काय ते सांगा. कलम ५४ बी: शहरी शेतजमीन विकली, आधीची दोन वर्षे ती कसलेली होती, तर दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घ्या. कलम ५४ एफ: बिनशेती प्लॉट विकून राहते घर घ्यायचे असेल तर दोन वर्षांत घ्या किंवा तीन वर्षांत बांधा. इथे नफा नव्हे, विक्रीची सगळी निव्वळ रक्कम घरात घालावी लागते, तरच पूर्ण सूट. कमी घातली तर त्या प्रमाणात. एकापेक्षा जास्त घरे आधीच नावावर असतील तर हा मार्ग बंद. कलम ५४ ईसी: विक्रीपासून सहा महिन्यांत आरईसी, पीएफसी यांसारख्या संस्थांचे रोखे घ्या, कमाल ५० लाखांचे, पैसे पाच वर्षे अडकतात आणि व्याज करपात्र असते.

घर किंवा जमीन घ्यायला वेळ लागणार असेल तर रिटर्नच्या मुदतीपूर्वी पैसे 'कॅपिटल गेन्स अकाउंट' या खास खात्यात ठेवावे लागतात. ही १९८८ ची योजना आहे. नेहमीच्या बचत खात्यात किंवा एफडीत पडलेले पैसे त्यात धरले जात नाहीत. आणि गंमत म्हणजे बँकांच्या ग्रामीण शाखांत हे खाते उघडतच नाहीत. तेव्हा चेक वटल्याबरोबर आपली शाखा कशात मोडते ते मॅनेजरला विचारून घ्यावे, आणि ग्रामीण निघाली तर मुदतीच्या शेवटच्या आठवड्याची वाट न पाहता पुण्यातली शाखा गाठावी.